आधी कारखान्याचा वार ठरवा, मग विमानाचं तिकीट काढा

इटलीतले मोटारींचे कारखाने बघायला पहिल्या खेपेला आम्ही सांतागाताला, म्हणजे लॅम्बोर्गिनीच्या गावाला पोचलो तो दिवस होता 14 ऑगस्ट. कारखान्याच्या अंगाला शुकशुकाट. समोरच्या बारमध्ये (तिकडे बार म्हणजे आपलं अमृततुल्यच, फक्त चहाच्या जागी कॉफी) एक आजोबा पेपर वाचत बसलेले. पुतण्यानं तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये चौकशी केली, तर मान वर न करता एकच शब्द आला, "फेरिए." सुट्टी. 15 ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो असतो आणि त्याच्या आगेमागे निम्मी इटली समुद्रावर जाऊन पडते. पाडव्याच्या दिवशी कुणी आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत भट्टी बघायला आला तर त्याला काय दिसेल? कुलूप आणि वॉचमन. मी स्वतः फौंड्रीवाला, म्हणजे धातू ओतणारा. तरी हे डोक्यात आलं नाही, याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला जमलं. ते कसं जमलं, ते सांगतो.

आपण प्रवास उलट्या टोकानं ठरवतो. आधी रजा, मग स्वस्त तिकीट, मग हॉटेल, आणि सगळ्यात शेवटी "बघू या, कारखान्यात सोडतात का." इथे ते चालत नाही. म्युझियम शनिवार-रविवारी बघता येतात, पण काम चालू असलेला कारखाना बघायचा तर सोमवार ते शुक्रवार, तोही आधी बुकिंग करूनच. तेव्हा पहिल्यांदा लॅम्बोर्गिनी आणि पागानी या दोन मोटार कंपन्यांच्या फॅक्टरी टूरची तारीख पकडा. दोन्ही त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळतात. गट छोटे असतात, त्यामुळे जागा लवकर भरतात. या दोन तारखा हातात आल्या की बाकी सगळं त्यांच्या भोवती बसवा. ऑगस्ट नको. 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या, त्याही टाळा. आम्ही दुसऱ्यांदा सप्टेंबरअखेर गेलो. हवा छान होती आणि द्राक्षांची तोडणी चालू होती.

मुक्काम मोडेनाला करा. मिलानहून साधारण 170 किलोमीटर. तिथून मारानेल्लो (फेरारी) 18 किलोमीटर. पागानीचं सान चेझारिओ त्याहून जवळ. सांतागाता पाऊण तासाच्या आत, बोलोन्या चाळीसेक किलोमीटर, आणि मासेराती तर शहरातच. एवढ्या छोट्या पट्ट्यात एवढी नावं का, हे तिथे दोन दिवस फिरलं की कळतं. रस्त्याच्या कडेला पाटी बघावी तर गिअर कापणारा, पुढची पाटी साचे बनवणारा, त्यापुढची सिरॅमिकवाला. शिरोली-गोकुळ शिरगावसारखंच. मोठ्या नावाच्या मागे दोन-चारशे छोटी शेडं उभी असतात, फक्त त्यांच्या फाटकावर सेल्फी काढायला कुणी थांबत नाही. मी थांबलो. साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या एका पॅटर्न शॉपवाल्यानं दारातूनच हात हलवला.

आता कागदपत्रं. हे भराभर उरकतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओत मिळतं, फॉर्म 4ए, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत न्यायचंच, नुसतं परमिट चालत नाही. शेंगेन व्हिसाची फी सध्या 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तर करून टाका. आणि गाडी भाड्यानं घेताना लागतं ते क्रेडिट कार्ड. डेबिट कार्डवर बहुतेक ठिकाणी हात वर करतात. कार्डावरचं नाव आणि स्टिअरिंगवरचा माणूस एकच हवा. आमचा पुतण्या तोरिनोला शिकतो, त्याला रस्ते पाठ. पण इटलीत रहिवासी म्हणून एक वर्ष झालं की परदेशी लायसन्स चालत नाही, इटालियन काढावं लागतं. त्यामुळे काकांनी चालवायचं आणि पुतण्यानं शेजारी बसून ओरडायचं, असं ठरलं.

गाडी मिळाली फियाट पांडा. फेरारीच्या गावाला पांडातून जायचं म्हणून पुतण्याचं तोंड उतरलं. मला मात्र बरं वाटलं. वडिलांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाट 1100च. आणि 1969 साली फेरारीचा अर्धा हिस्सा फियाटनंच घेतला होता. म्हणजे आम्ही लांबचे का होईना, पाहुणेच. थट्टा बाजूला ठेवली तरी छोटी गाडी घ्या. गावांतल्या गल्ल्या महाद्वार रोडच्या बोळांसारख्या आहेत.

डावीकडचं स्टिअरिंग अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. दोन दिवस इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो, तेवढं चालायचंच. खरी खबरदारी चार ठिकाणी घ्यायची, आणि त्यातल्या तीन ठिकाणी मी पैसे मोजून शिकलोय.

पहिलं, टोल. ऑटोस्त्रादावर, म्हणजे एक्सप्रेसवेवर, चढताना मशीनमधून तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे भरायचे. पिवळी टेलेपास लेन ही आपल्या फास्टॅगसारखी, ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांचीच. मी त्यात घुसलो. दांडी उठेना, मागे ट्रक. अशा वेळी रिव्हर्स अजिबात घ्यायचा नाही. मदतीचं बटण दाबायचं. पावती छापून येते आणि दांडी उघडते. ती पावती 15 दिवसांत भरायची. कार्डासाठी निळी पाटी, रोखीसाठी पांढरी, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, झेडटीएल, म्हणजे जुन्या शहरातला वाहतूकबंदीचा भाग. मोडेना आणि बोलोन्या दोन्हीकडे आहे. लाल कडेचा पांढरा गोल आणि वर कॅमेरा. पाटीवर "वार्को अत्तिवो" पेटलेलं दिसलं की आपल्याला वाटतं, गेट चालू आहे, चला आत. अर्थ नेमका उलटा: बंदी चालू आहे. दंड तिथे कळत नाही. घरी आल्यावर चार महिन्यांनी कळतो, आणि त्यावर गाडी भाड्यानं देणारे तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कार्डातून कापतात. हॉटेल जुन्या शहरात असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, ते नोंद करून देतात. किंवा सरळ बाहेरचं हॉटेल घ्या, जसं आम्ही नंतर घेतलं.

तिसरं, पेट्रोल. "गासोलिओ" हे नाव ऐकून गॅसोलीन वाटतं. ते डिझेल आहे. पेट्रोलला "बेन्झिना". आता युरोपभर पंपावर आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर खुणा असतात: गोल म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल. इथे मात्र मी वाचलो, कारण सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "अहो, ह्यावर चौकोन आहे आणि झाकणावर गोल." आणि "सेर्वितो" लिहिलेल्या पंपावर माणूस पेट्रोल भरून देतो, त्याचे लिटरमागे जास्त पैसे लागतात. "सेल्फ" बघून उभे राहा.

चौथं, जेवणाची वेळ. दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद होतं, ते संध्याकाळी साडेसातलाच उघडतं. फॅक्टरी टूर दुपारी घेतली तर आधी जेवून घ्या.

आता क्रम. बहुतेक लोक विमानतळावरून थेट मारानेल्लोला सुटतात. माझं म्हणणं, फेरारी शेवटी ठेवा. सुरुवात करा बोलोन्याच्या उत्तरेला फुनो दि आर्जेलातो इथल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी म्युझियमपासून. हे कंपनीचं नाही, घरच्यांनी उभं केलेलं आहे. इथे आत शिरल्यावर आधी दिसतात ट्रॅक्टर. कंपनीचा संस्थापक फेरुच्चो शेतकऱ्याच्या घरातला, जन्म 1916 चा. युद्ध संपल्यावर लष्कराच्या टाकून दिलेल्या गाड्यांचे भाग जोडून त्यानं ट्रॅक्टर बनवायला घेतले. मोटारी नंतर, 1963 साली. आमची फौंड्री ट्रॅक्टरच्याच हाउसिंग ओतते, त्यामुळे मी तिथे गिअरबॉक्सच्या कास्टिंगपुढे जो बसलो तो उठेचना. पुतण्या मिउरा मोटारीपुढे, मी ट्रॅक्टरपुढे. क्लचवरून फेरुच्चोचं एंझो फेरारीशी भांडण झालं आणि त्यातून लॅम्बोर्गिनी मोटार जन्मली, ही कथा तिथे प्रत्येक जण सांगतो, आणि प्रत्येक जण वेगळी सांगतो. ऐकून घ्यायची.

तिथून सांतागाता. लॅम्बोर्गिनीच्या टूरमध्ये फोटो काढता येत नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका. डोळे मोकळे राहतात. असेंब्ली लाइन इतकी स्वच्छ, की आमच्या शिफ्ट इन्चार्जला तिथे आठ दिवस नेऊन उभं करावं असं वाटलं. पण लाइनपेक्षा चामड्याच्या विभागात जास्त वेळ मिळाला तर बघा. अख्खं कातडं टेबलावर पसरतात, त्यावर हात फिरवत डाग आणि ओरखडे शोधतात, तेवढा भाग खुणेनं वेगळा काढतात आणि उरलेल्यात तुकडे बसवतात. आमच्याकडे ब्लो होल (ओतकामात हवेनं पडलेली भोकं) शोधणारा म्हातारा कामगार असाच हात फिरवतो, डोळ्यांवर त्याचा भरवसा नसतो. कंपनी 1998 पासून ऑडीच्या ताब्यात आहे आणि शिस्त जर्मन वाटते, पण त्या टेबलाशी जी बडबड चालली होती ती अस्सल इटालियन.

पागानीला एक अख्खी सकाळ द्या. गाडीत रस नसला तरी द्या. सौ. माळकरी, त्यांना सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. पण परतल्यावर त्यांना आठवतो तो हाच कारखाना. होरासिओ पागानी अर्जेंटिनातल्या कासिल्दाचा, 1955 चा जन्म. 1983 साली इटलीत आला, लॅम्बोर्गिनीत नोकरी धरली. कार्बन फायबर भाजायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी घ्या, असा त्यानं आग्रह धरला, कंपनीनं घेतला नाही, म्हणून यानं कर्ज काढून स्वतःचा घेतला, असं सांगतात. पुढे 1999 साली त्याची झोंडा ही गाडी आली, मग 2011 ला हुआयरा, 2022 ला उटोपिया. कारखान्याचा आतला भाग एखाद्या जुन्या गावातल्या चौकासारखा आहे: विटांच्या भिंती, रस्त्यावरचे असतात तसे दिवे, आणि मधोमध गाड्या उघड्या पोटानं उभ्या.

तिथे एक गोष्ट अगदी जवळून बघायची. कार्बन फायबरचं कापड राळेत भिजवलेलं येतं आणि थंडीत साठवतात, नाहीतर ते आधीच कडक होऊ लागतं. त्याचे तुकडे कापायचे, साच्यात हातानं एकावर एक दाबत बसवायचे, वर पिशवी लावून हवा ओढून घ्यायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजायचं. म्हणजे पॅटर्न आला, साचा आला, भट्टी आली, फक्त रस ओतायचा नाही. मी बॉनेटच्या मधल्या रेषेजवळ वाकून बघितलं. डावीकडची वीण आणि उजवीकडची वीण मधोमध बाणाच्या टोकासारखी भेटते, पुढपासून मागपर्यंत, एक धागासुद्धा सरकलेला नाही. आमच्याकडे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन फेटलिंगला देऊन घासून टाकतात, ती गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. इथे तीच रेषा दाखवायची वस्तू करून ठेवलीय! मी गाइडला विचारलं, एक धागा हलला तर? ती म्हणाली, परत करायचं. किती वेळा? हसली फक्त.

टायटॅनियमचे बोल्टही बघा. प्रत्येकाच्या डोक्यावर पागानीचं नाव कोरलेलं. आमच्या गल्लीतल्या बोल्टवाल्याला मी हे सांगितलं, तो म्हणाला, "मालक, हिशेब लिहायच्या वहीवरसुद्धा नाव घालत नाही मी."

मासेराती त्यामानानं झटपट. मोडेनातच कारखाना, आधी वेळ ठरवून आत जाता येतं. वेळ कमी असेल तर हाच गाळा. त्याऐवजी बोलोन्याच्या चौकातला नेपच्यूनचा पुतळा बघा. मासेरातीचा त्रिशूळ त्याच्याच हातातून घेतलाय, कारण 1914 साली कंपनी बोलोन्यात सुरू झाली होती. मोटारसायकलचं वेड असेल तर बोलोन्याच्या बोर्गो पानिगालेला डुकाटीची फॅक्टरी टूर आहे, तीही कामाच्या दिवशीच.

आता मारानेल्लो. इथे एक गोष्ट आधीच कळलेली बरी, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही: फेरारीच्या कारखान्यात तुम्हा-आम्हाला पाय ठेवता येत नाही. गाडी विकत घेतलेल्यांना नेतात. बाकीच्यांसाठी म्युझियमपासून बस सुटते, ती कारखान्याच्या आवारातून आणि फिओरानोच्या टेस्ट ट्रॅकच्या बाजूनं फिरवून आणते. उतरायचं नाही, फोटो काढायचा नाही. म्युझियमच्या तिकिटाबरोबरच ही बस बुक करा, दारात जाऊन मागितली तर बहुधा भरलेली असते. आर्किटेक्ट रेन्झो पियानोनं बांधलेला विंड टनेल (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायचा बोगदा) दिसतो, रस्त्यांना जुन्या रेसर्सची नावं दिसतात. आणि मग गाइडचा आवाज आला, "फोंदेरिया". फौंड्री. फेरारी आपल्या इंजिनांचे ॲल्युमिनियमचे ब्लॉक आणि हेड स्वतःच ओतते, बाहेरून घेत नाही. सात हजार किलोमीटर मी त्या शेडसाठी आलो होतो. ती खिडकीतून दहा सेकंदांत मागे गेली. भिंत, दार, धुरांडं. पुतण्या म्हणाला, "काका, वास तरी आला का?" बसच्या काचा बंद होत्या.

तर मारानेल्लोत करायचं काय? म्युझियम छानच आहे. पण त्यानंतर वीया आबेतोने इन्फेरिओरेवरच्या जुन्या फाटकापाशी जा. एंझोनं 1943 साली युद्धाच्या धामधुमीत मोडेनाहून कारखाना इथे हलवला, आणि 1947 साली फेरारीच्या नावाची पहिली गाडी, 125 एस, याच कारखान्यात तयार झाली. शिफ्ट सुटते तेव्हा लाल कपड्यातली माणसं सायकलवरून बाहेर पडतात. समोरच कावाल्लिनो, एंझो जेवायचा ते हॉटेल. आता महाग झालंय, बाहेरूनच बघितलं. आणि फिओरानोच्या कुंपणाशी थोडा वेळ उभे राहा. तीन किलोमीटरचा ट्रॅक, 1972 चा. चाचणी चालू असली तर गाडी दिसायच्या आधी आवाज येतो, छातीत. आम्हाला दोनदा मिळाला, फुकट.

फुकट नसलेलं काय, तेही सांगतो. म्युझियमच्या आसपास फेरारी भाड्यानं चालवायला देणारे उभे असतात, दहा मिनिटांपासून पुढे. पुतण्याचा हट्ट, म्हणून घेतली. करार वाचायला सांगितलं तर मुलगा म्हणाला, साधंच आहे. साधं नव्हतं: नुकसान झालं तर पहिली मोठी रक्कम आपली. सही करण्याआधी तो आकडा बोटानं दाखवायला लावा. आणि रस्ता गावातला, 50 ची मर्यादा, चार गोलचौक. दहातली सहा मिनिटं आम्ही एका ट्रॅक्टरच्या मागे होतो. तो लॅम्बोर्गिनीचा होता का, ते बघायचं राहिलं.

मोडेनात परतल्यावर स्टेशनजवळचं एंझो फेरारी म्युझियम बघून घ्या. दोन्ही म्युझियमचं मिळून तिकीट निघतं. पिवळं छप्पर बॉनेटसारखं वाकवलंय, आणि त्याच्या कुशीत एंझोच्या वडिलांचं जुनं वर्कशॉप. तेच घर, जिथे 1898 साली तो जन्मला. चकचकीत छपरापेक्षा मला ती विटांची शेड आवडली.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारत राहावं लागेल. "सेन्झा कार्ने", म्हणजे मांस नको, हे पाठ करा. रिकोटा चीज-पालकाचे तोर्तेल्लोनी (आत सारण भरलेला पास्ता) बिनधास्त मागवा. तोर्तेल्लिनी मात्र दिसायला धाकटं भावंड असलं तरी आत डुकराचं मांस असतं. न्योक्को फ्रित्तो म्हणजे हुबेहूब टम्म फुगलेली पुरी. सौ.नी बघताक्षणी हात पुढे केला, पण ती पुष्कळदा चरबीत तळतात, म्हणून विचारून घ्या. आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं द्रव्य, असतं. हे कळल्यावर सौ.नी पुढचे तीन दिवस प्रत्येक ताटावरचं किसलेलं चीज माझ्या ताटात सारलं. माझी तक्रार नव्हती.

शेवटचा अर्धा दिवस मोडेनाच्या बाहेर ओम्ब्रे नावाच्या शेतावर घालवा. फुटबॉलच्या स्टिकरवाल्या पानिनी भावांपैकी उंबेर्तो पानिनीचं हे शेत. मासेरातीच्या जुन्या गाड्यांचा संग्रह लंडनमध्ये लिलावात निघणार होता, तो 1996 साली त्यानं विकत घेऊन मोडेनातच ठेवला. शेताच्या आवारातच गाड्यांची इमारत. प्रवेश फुकट, पण आधी कळवून जायचं. 1958 ची पांढरी एल्दोरादो चुकवू नका: अंगावर आइस्क्रीम कंपनीचं नाव आणि काउबॉय, मोंझाच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस या रेसरनं चालवलेली. मी तिच्या एक्झॉस्टजवळ वाकलो होतो, तेवढ्यात सौ. बाहेर गोठ्याकडे गेल्या. आमच्या घरी चार म्हशी, दूध गोकुळ डेअरीला जातं. मी पोचलो तेव्हा त्यांनी पुतण्याला मध्ये उभं करून चौकशी लावली होती: गाय किती देते, एका चीजच्या चाकाला किती लागतं. साडेपाचशे लिटरच्या आसपास, एक चाक चाळीस किलोचं, आणि ते निदान बारा महिने फळीवर. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "आणि ह्यांच्या गोठ्यात माश्या कशा नाहीत, ते विचार."

पुतण्याला माशीला इटालियनमध्ये काय म्हणतात ते आठवेना. त्यानं बोटं नाकापुढे फिरवून गूं गूं आवाज काढला. गोठ्यातला माणूस खूश होऊन म्हणाला, "आ, फेरारी!"